जाड तेलावर चढलेला घाट

मित्रांनो, मी एक टर्बो आहे. जुना, आणि एकदा मरता मरता वाचलेला. तुम्ही मला पाहिले नसेल, कारण मी गाडीच्या बॉनेटखाली, इंजिनाच्या कुशीत, सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात राहतो. दिसायला मी लोखंडी गोगलगाय. माझ्या पोटात एका दांड्यावर दोन लहान चाके आहेत. इंजिनातून बाहेर पडणारा जळता धूर एका चाकाला फिरवतो आणि त्याच्याबरोबर फिरणारे दुसरे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. हवा भरपूर मिळाली की लहानसे इंजिनसुद्धा मोठ्या इंजिनासारखे चढ चढते.

जोरात असलो की मी एका मिनिटात लाखाहून जास्त फेरे घेतो. एवढ्या वेगात माझा दांडा कुठल्याच धातूला टेकलेला नसतो. तो तेलावर तरंगत असतो. केसाहून पातळ असा तेलाचा एक थर, आणि त्यावर माझा सगळा संसार. तो थर तुटला की माझी गोष्ट संपली.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझे चाक यंत्रावर फिरवून त्याचा तोल बघत असे आणि कुठे तिळाएवढे वजन जास्त वाटले तर तेवढेच खरवडून काढत असे. पहिली नऊ वर्षे मी बर्फाळ डोंगरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गाडीत काढली. ते ठरल्या दिवशी तेल बदलत आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवत. मग ते वारले. गाडी बोटीत चढली, मोंबासाच्या बंदरात उतरली आणि शेवटी केनियातल्या केरियो खोऱ्याच्या काठावर, केप्कोमोल नावाच्या गावी आली.

हे गाव अगदी कड्यावर आहे. मागे थंडगार पठार, पुढे कडा, आणि खाली बाराशे मीटरवर आंब्यांचे तापलेले खोरे. उंचावर हवा विरळ असते. साध्या गाड्या तिथे धापा टाकतात. म्हणून मला तिथे मान होता. गाडीच्या मालकीणबाई सेलिना जेबिवोट तिथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. कुणी गाडीची स्तुती केली की त्या बॉनेटवर थाप मारून म्हणत, "जोर सगळा आतल्या गोगलगाईचा."

गाडीबरोबर एक जपानी पुस्तिकाही आली होती. गावात जपानी कुणालाच वाचता येत नव्हते. बाई ती हजेरीच्या कागदांखाली पाट म्हणून घेत.

माझी देखभाल सितिएनेई मिस्त्री करत. कमी बोलणारा, सडपातळ माणूस. ते मला बरोबर तेल घालत, डब्यावरचा आकडा दोनदा बघत. दोन वर्षे माझी तक्रार नव्हती. मग एका पावसाळी दिवशी मिस्त्री गॅरेजच्या खड्ड्यात घसरले आणि कंबरेचे हाड मोडून घरी पडले. गाडीच्या तेलाची वेळ आली होती. तेव्हा पुढे सरसावले बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान, चेसेरेक.

चेसेरेक लॉरी चालवत. मनाने दिलदार, आवाजाने त्याहून मोठे. ते काखेत पाच लिटरचा डबा घेऊन आले आणि झाकण उघडत म्हणाले, "मेहुणीबाई, इंजिन म्हणजे बैल. बैलाला दाट पेंड लागते. तुमचा मिस्त्री त्याला ताक पाजत होता ताक."

"पण भावोजी, मिस्त्री वेगळा डबा आणायचे. आकडा काहीतरी दुसरा होता."

"आकडे तुमच्या शाळेत ठेवा. हे वीस-पन्नास आहे. माझी लॉरी अठरा वर्षं ह्याच्यावर हा घाट चढतेय. पातळ तेल थंड देशाचं. ही आफ्रिका आहे, इथं ऊन असतं."

असे ते म्हणाले तेव्हा सकाळचे सात वाजले होते, कड्यावर धुके होते आणि बाईंनी दोन स्वेटर घातले होते. बाईंना ते दिसले नाही, चेसेरेकनाही दिसले नाही. तेल ओतले गेले.

मित्रांनो, त्या माणसाच्या मनात कपट नव्हते. त्याच्या जुन्या लॉरीला माझ्यासारखा टर्बो नव्हता, म्हणून तिला ते तेल चालत होते. चूक एवढीच, की जे आपल्या लॉरीला चालते ते सगळ्यांना चालते असे त्याने धरले.

तेलाच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो, गार सकाळी तेल किती लवकर धावेल. दुसरा सांगतो, तापल्यावर ते किती दाट राहील. मला पाच-तीस लागते, तेही सिंथेटिक, कारण माझ्या पोटातल्या आगीत साधे तेल करपते. आता रोज सकाळी गाडी चालू झाली की मी फिरू लागे आणि तेल मात्र खाली गोळा होऊन बसलेले असे. ते माझ्यापर्यंत पोचेपर्यंत माझा दांडा कोरडा घासला जाई. दुपारी घाट चढून आलो की तेच तेल माझ्या अंगात करपे. त्याची काळी खपली धरली. मला तेल आणणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी एक चाळणी आहे, सुईच्या टोकाएवढ्या भोकांची. खपलीचे कण त्या भोकांत बसत गेले. आठ महिने हे चालले. माझी शीळ हळूहळू चिरकी झाली. बाईंनी रेडिओचा आवाज वाढवला.

मग नोव्हेंबर आला आणि माध्यमिक शाळेच्या चौथ्या, शेवटच्या वर्षातल्या मुलींची शाळा संपवण्याची परीक्षा आली. त्या परीक्षेचे पेपर शाळेत ठेवत नाहीत. ते खोऱ्यातल्या कचेरीच्या गावी कुलूपबंद असतात. रोज पहाटे मुख्याध्यापकाने जायचे, सही करायची, मोहोर लावलेली पेटी घ्यायची आणि बंदूकधारी पोलिसाबरोबर शाळेत आणायची. आठाच्या ठोक्याला पेपर सुरू झाला पाहिजे. उशीर झाला तर केंद्राच्या नावापुढे शेरा, चौकशी, आणि निकाल महिनोन्‌महिने अडकलेला.

त्या सोमवारी गणित होते. रात्री दरड कोसळून डांबरी रस्ता बंद झाला होता आणि शाळेची व्हॅन आणि चेसेरेकची लॉरी दोन्ही पलीकडे अडकल्या होत्या. जुना मुरमाचा रस्ता तेवढा उघडा होता. त्यावरून चढू शकेल अशी गावात एकच गाडी होती. आमची.

पहाटे आम्ही खाली उतरलो. उतारावर मला काम नव्हते. पावणेसातला पेटी मिळाली. पत्र्याची, गुडघ्याएवढी उंच. मागच्या सीटवर तिच्याशेजारी पोलीस शिपाई म्वाचिरो बसला. तो समुद्रकाठचा माणूस, पंधरा दिवसांपूर्वीच बदली होऊन आलेला, थंडीने कायम कुडकुडणारा.

"किती मुली आहेत, बाई?" त्याने विचारले.

"सदतीस. एकीनं तान्हं मूल आईकडे ठेवून पुन्हा शाळा धरली. एक रोज दोन तास चालत येते."

"मग चालवा. मी डोळे मिटून घेतो."

चढ सुरू झाला. एकोणीस किलोमीटर, वळणामागे वळण. बाईंनी ॲक्सिलरेटरवर पाय दाबला आणि मी जीव खाऊन फिरू लागलो. अंगाची लाल भट्टी झाली. मी तेल मागत होतो आणि चाळणीतून थेंब थेंब येत होते. आठव्या किलोमीटरला माझा दांडा डोलू लागला. नवव्याला त्याने पहिल्यांदा भिंतीला स्पर्श केला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो शीळ नव्हता. ती किंकाळी होती.

"बाई," म्वाचिरो मागे वळून म्हणाला, "आपल्या पाठीमागे ढग येतोय. निळा आहे."

गाडीतला जोर एकदम गेला. बाईंनी गाडी कडेला घेतली. त्यांचा हात चावीकडे गेला.

मित्रांनो, ते मी कधी विसरणार नाही. त्या क्षणी मी पेटलेला होतो आणि सुसाट फिरत होतो. चावी फिरली असती तर तेल तिथेच थांबले असते, आणि मी मात्र फिरत राहिलो असतो. उरलेसुरले तेल माझ्या अंगात शिजून कोळसा झाले असते. पुन्हा मी हललो नसतो. मला ओरडून सांगता येत नव्हते.

बाईंनी चावी धरली, आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. पलीकडे अंथरुणावरून सितिएनेई मिस्त्रींचा झोपाळू आवाज आला.

"मिस्त्री, गाडी किंचाळतेय. निळा धूर येतोय. बंद करते आणि..."

"चावी फिरवू नका!" मिस्त्री एवढ्या मोठ्याने ओरडले की म्वाचिरोनेही हात वर केले. "बाई, हात काढा चावीवरून. काढला?"

"काढला."

"तीन मिनिटं नुसती चालू राहू द्या. पाय लावू नका. त्याला निवू द्या. मग बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि तेलाची कांडी बघा."

"आठ मिनिटं? मिस्त्री, सव्वासात होत आले! माझ्या मुली बाकांवर बसल्यात!"

"आठ मिनिटं द्या, नाहीतर तिथंच दुपार करा. तुमची मर्जी."

बाई खाली उतरल्या आणि रस्त्यावर येरझारा घालू लागल्या. म्वाचिरो पेटीवर हात ठेवून घड्याळाकडे बघत मिनिटे मोठ्याने मोजू लागला. "मोजू नकोस रे बाबा," बाई म्हणाल्या, तर तो मनातल्या मनात ओठ हलवून मोजू लागला. मी हळूहळू मंदावलो. किंकाळीचे कण्हणे झाले.

कांडी बाहेर काढली तर टोकालाच तेल. माझ्या झिजलेल्या फटींतून ते कित्येक दिवस जळून जात होते.

"डिकीत भावोजींनी दिलेला अर्धा डबा आहे," बाई फोनवर म्हणाल्या. "वीस-पन्नास."

मिस्त्रींचा आवाज अगदी हळू झाला. "वीस-पन्नास? ह्या गाडीत? कधीपासून?"

"मार्चपासून."

"अरे देवा." त्यांनी सुस्कारा सोडला. "घाला. तहानेनं मरणाऱ्याला गढूळ पाणीही द्यावं लागतं. कांडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत, त्यापुढे थेंब नाही. आणि नीट ऐका. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोनच्या, म्हणजे दोन हजारांच्या, वर जाता कामा नये. टर्बोकडून आज काही मागू नका. तो नाहीच असं समजून चढा."

मी नाहीच असे समजून. ऐकून वाईट वाटले, पण मला वाचवायचा तोच मार्ग होता.

आम्ही रांगत निघालो. पहिल्या, दुसऱ्या गिअरमध्ये. बाईंची नजर काट्यावर खिळली होती आणि कपाळावरचा घाम त्या कोपराने पुसत होत्या. सात एकोणचाळीसला आम्ही घोड्याच्या नालासारख्या त्या वळणाशी आलो, जिथे रस्ता अंगावर येतो. गाडी अर्ध्यात थांबली. चाके मुरूम उकरू लागली. काटा दोनच्या वर गेला तशी मी पुन्हा किंचाळलो आणि बाईंनी झटकन पाय काढला.

वरून डोक्यावर बटाट्यांच्या टोपल्या घेतलेल्या पाच-सहा बाया खाली येत होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि न सांगता टोपल्या कडेला ठेवल्या.

"ढकला गं," त्यांच्यातली वयस्क बाई म्हणाली. मग आत डोकावून, "आणि हा कोण बसलाय राजासारखा? उतर की रे!"

"मला उतरता येत नाही, आजी. पेटी सोडायची नाही असा नियम आहे."

"नियमाचं वजन किती आहे ते आमच्या हातांना कळतंय. जेवण बरं मिळतं वाटतं चौकीत!"

बाया हसल्या. म्वाचिरो हसला नाही. तो क्षणभर पेटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, पेटी माझ्यापासून दूर जायची नाही, एवढंच लिहिलंय. ती गाडीतच पाहिजे असं कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," बाई म्हणाल्या.

त्याने बंदूक पाठीला अडकवली, पेटी डोक्यावर घेतली आणि तो वळण पायी चढू लागला. वजन कमी झाले. बायांनी खांदे लावले. मी माझे चाक जेमतेम फिरवत ठेवले. एक हात, दोन हात, गाडी सरकली. वळणाच्या माथ्यावर म्वाचिरो धापा टाकत उभा होता, थंडीतही घामाने भिजलेला, पेटी अजून डोक्यावरच.

"बसा लवकर!" बाई ओरडल्या.

सात छप्पन्नला आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो. व्हरांड्यात सगळे शिक्षक उभे होते. म्वाचिरो पेटी घेऊन धावला, मोहोर सगळ्यांसमोर तपासली गेली. घंटा वाजली आणि सदतीस मुलींनी माना खाली घातल्या.

आणि बाई? बाई गाडीपाशीच थांबल्या होत्या. इंजिन सुरू होते. उपमुख्याध्यापक हाका मारत होते, "मॅडम, सही! मॅडम, आत या!" बाईंनी हात वर करून त्यांना थोपवले. घड्याळाकडे बघत त्या पूर्ण तीन मिनिटे बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग चावी फिरवली. मित्रांनो, माझी स्तुती पुष्कळांनी केली होती, पण माझ्यासाठी असे कुणी कधी थांबले नव्हते.

त्या दिवशीच दरड हटली आणि शाळेची व्हॅन परत आली, म्हणून परीक्षा संपेपर्यंत मी जागचा हललो नाही. शेवटच्या पेपरनंतर सितिएनेई मिस्त्री कुबडीवर आले. त्यांनी मला उतरवून बाकावर मांडले. चेसेरेकही आले. त्यांना कुणी बोलावले नव्हते.

"टर्बोच मुळात नाजूक वस्तू," चेसेरेक आल्याआल्या म्हणाले. "तेलाचा काय दोष? माझी लॉरी..."

मिस्त्रींनी ती इवलीशी चाळणी चेसेरेकच्या तळहातावर ठेवली. काळ्या खपलीने एकूणएक भोक बुजले होते.

"फुंकून बघ," मिस्त्री म्हणाले.

चेसेरेकनी फुंकले. मोठ्या छातीचा माणूस. गाल फुगले, कान लाल झाले, पण पलीकडे वारा गेला नाही. त्यांनी पुन्हा फुंकले. मग चाळणी खाली ठेवली आणि माझ्या दांड्यावरून बोट फिरवले. ओरखडे त्यांच्या बोटाला लागले असणार.

"ह्यातून त्याला तेल मिळत होतं?"

"ह्यातूनच."

बाईंनी हजेरीच्या कागदांखालची जपानी पुस्तिका आणली. मिस्त्रींनी पाने उलटली आणि एका चौकटीवर बोट ठेवले. "अक्षरं मलाही येत नाहीत. आकडे तर सगळ्या जगाचे सारखेच आहेत ना?" तिथे पाच होता, तीस होता आणि शेजारी तेलाच्या डब्याचे चित्र.

चेसेरेकनी पुस्तिका डोळ्यांजवळ धरून ते आकडे पाहिले. मग म्हणाले, "मेहुणीबाई, त्या मुली... वेळेवर बसल्या ना?"

"चार मिनिटं आधी."

"चार," ते म्हणाले आणि खाली बसले.

मिस्त्रींनी माझ्या दांड्याभोवती नव्या कड्या घातल्या, नळी धुतली, चाळणी बदलली. इंजिनातले सगळे काळे तेल काढून टाकले, पाच-तीसने एकदा धुऊन पुन्हा ताजे भरले. दांड्यावरचे ओरखडे मात्र तसेच राहिले. पूर्वीचा जोर आता माझ्यात नाही. तरी मी रोज फिरतो आणि माझी शीळ पुन्हा स्वच्छ झाली आहे. बाई आता रेडिओ लावत नाहीत. मला ऐकत चालवतात.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्ही गाडी घ्याल. तिच्या पोटात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला त्याचेच तेल द्या. ते तुमच्या काकांच्या लॉरीचे नसावे, शेजाऱ्याच्या सांगण्याचे नसावे, आणि डबा मोठा आहे म्हणून उचललेलेही नसावे. पुस्तिका उघडा. भाषा कळली नाही तर आकडा बघा, आकडाही सापडला नाही तर जाणत्याला विचारा. तेल वेळेवर बदला. आणि दूरचा चढ चढून आलात की चावीला लगेच हात लावू नका. आत कुणीतरी अजून धावत असतो, त्याला श्वास घेऊ द्या.

गेल्या महिन्यात माझे तेल पुन्हा बदलायचे होते. चेसेरेक डबा घेऊन आले. झाकण उघडण्याआधी त्यांनी खिशातून चष्मा काढला, डबा उजेडाकडे धरला आणि पहिलीतल्या मुलासारखे मोठ्याने वाचले, "पाच. तीस." मग मिस्त्रींकडे वळून विचारले, "बरोबर?"

मिस्त्री म्हणाले, "बरोबर."

"तरी तू एकदा बघ," चेसेरेक म्हणाले आणि डबा पुढे केला.